रिकाम्या ओंजळीचा आनंद

ख्रिस्ती धर्मविचारात नम्रता आणि आनंद हे दोन शब्द वारंवार एकत्र येतात. वरवर पाहता ही जोडी विसंगत वाटते. ती कशी जुळली, तिचा गैरवापर कसा झाला आणि तिचे मर्म कोणते, याचा हा परिचय.

व्यवहारात आपण सुख, हर्ष, समाधान आणि आनंद या शब्दांत फारसा भेद करीत नाही. बढती मिळाली, मुलाला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, नव्या घराची किल्ली हाती आली, की माणूस आनंदतो. हा आनंद खोटा नसतो. मात्र त्याच्या पोटात दोन अटी दडलेल्या असतात. मिळालेली गोष्ट आपल्याजवळ टिकली पाहिजे, ही पहिली अट. आणि शेजाऱ्याला त्याहून अधिक मिळता कामा नये, ही दुसरी. पहिली अट काळ पाळू देत नाही आणि दुसरी शेजारी पाळत नाही. त्यामुळे मिळकत वाढत गेली, तरी तिच्यापासून होणारा आनंद अल्पायुषी ठरतो.

या सार्वत्रिक अनुभवाचे ख्रिस्ती परंपरेने एक निदान केले आहे. आनंद ओसरतो, कारण आपण तो स्वतःच्या थोरवीचा मोबदला म्हणून मागत असतो. मोबदला बुडू शकतो, कमी पडू शकतो, दुसऱ्याच्या मोबदल्याशी ताडून पाहता येतो. दानाचे तसे नसते. ते घेणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसते. त्यासाठी ओंजळ तेवढी रिकामी असावी लागते. ख्रिस्ती अर्थाने नम्रता म्हणजे ही रिकामी ओंजळ होय. आणि जो आनंद कमाई म्हणून आलेलाच नाही, तो गमावण्याची भीतीही उरत नाही, असे ही शिकवण सांगते.

पहिले वचन दीनांसाठी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूचे डोंगरावरील प्रवचन सुरू होते. गालील सरोवराच्या उत्तर किनाऱ्याजवळील एका टेकडीवर ते झाले, अशी परंपरागत समजूत आहे. प्रवचनाचा प्रारंभ धन्यतेच्या वचनांनी होतो आणि त्यांतील पहिलेच वचन आत्म्याने दीन असलेल्यांसाठी आहे. स्वर्गाचे राज्य अशांचेच आहे, असे येशू सांगतो. शोक करणारे, सौम्य, दयाळू, शांती प्रस्थापित करणारे यांचा उल्लेख त्यानंतर येतो.

येथील मूळ ग्रीक शब्द लक्षणीय आहेत. ‘धन्य’ या अर्थी आलेला ‘माकारिओस’ हा शब्द प्राचीन ग्रीक साहित्यात देवांच्या निश्चिंत सुखासाठी योजला जात असे. ‘दीन’ या अर्थी ‘प्तोखोस’ हा शब्द आला आहे. गरिबासाठी ग्रीक भाषेत ‘पेनेस’ असा आणखी एक शब्द होता. पेनेस म्हणजे राबून कसेबसे पोट भरणारा. प्तोखोस म्हणजे ज्याला हात पसरल्यावाचून गत्यंतर नाही असा. देवांचे विशेषण येशूने भिकाऱ्याला बहाल केले, एवढी या वाक्यातील उलथापालथ मोठी आहे.

लूकच्या शुभवर्तमानात हेच वचन ‘आत्म्याने’ हा शब्द वगळून येते. तेथे दीन म्हणजे सरळ दरिद्री माणसे, आणि थोड्याच ओळींनंतर धनवंतांना इशाराही आहे. त्यामुळे आत्म्याची दीनता हा श्रीमंतांनी स्वतःला देण्याचा निव्वळ आध्यात्मिक दिलासा ठरू शकत नाही. जुन्या करारातील ‘अनाविम’ या हिब्रू संकल्पनेत हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. ज्यांना जगात कोणाचा आधार उरला नाही आणि म्हणून ज्यांनी आपला सगळा भार देवावर टाकला, ते अनाविम.

मराठीत या आशयासाठी दीन, नम्र आणि लीन असे तीन शब्द आहेत. ‘नम्र’ वाकण्याशी निगडित आहे. ‘लीन’ या शब्दात वितळून एकरूप होण्याचीही छटा आहे. लॅटिनमधील ‘ह्युमिलितास’ या शब्दाचे नाते ‘ह्युमुस’ म्हणजे माती या शब्दाशी जोडले जाते. मातीवर पाय असलेल्याला पडण्याचे भय कमी, हा विचार त्या व्युत्पत्तीतच आहे.

आनंद कशाचा करावा?

नम्रता आणि आनंद यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा प्रसंग लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. येशूने धाडलेले सत्तर शिष्य (काही हस्तलिखितांत ही संख्या बहात्तर आहे) गावोगाव फिरून परत येतात. ते हर्षभरित आहेत. दुष्टात्मेसुद्धा आपल्याला वश होतात, असे ते सांगतात. कोणत्याही गुरूला अभिमान वाटावा असे हे यश आहे. येशू ते नाकारत नाही. पण त्याबद्दल आनंद करू नका, असे बजावतो. तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, याचा आनंद करा, असे तो म्हणतो.

यशाचा आनंद पुढल्या अपयशापर्यंत टिकतो. आज वश झालेला आत्मा उद्या होईलच असे नाही. ज्याने आपले नाव लिहून ठेवले त्याच्या प्रेमाचा आनंद मात्र आपल्या कर्तबगारीबरोबर चढत-उतरत नाही. याच ओघात लूक लिहितो की, त्या घटकेला येशू स्वतः आनंदित झाला आणि ज्ञानी व विचारवंतांपासून गुप्त ठेवलेल्या गोष्टी बालकांना प्रकट केल्याबद्दल त्याने पित्याचे स्तवन केले. येशूच्या हर्षाचे असे थेट वर्णन शुभवर्तमानांत क्वचितच येते, आणि ते लहानांच्या संदर्भात यावे हे अर्थपूर्ण आहे.

लूकच्याच पहिल्या अध्यायात मरियेचे गीत आहे. नाझरेथसारख्या आडगावातली ही तरुणी आपल्या दैन्यावस्थेचा आणि आपल्या आत्म्याच्या उल्हासाचा उच्चार एकाच दमात करते. देवाने गर्विष्ठांची दाणादाण केली, सत्ताधीशांना आसनांवरून ओढले आणि भुकेल्यांना तृप्त केले, असेही ती म्हणते. तिची नम्रता मिंधी नाही. देवापुढे वाकलेली ही कन्या सिंहासनांना मात्र घाबरत नाही.

तुरुंगातून आलेले पत्र

नव्या करारात प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले एक छोटे पत्र आहे. त्याचे अध्याय अवघे चार. मात्र आनंद, आनंद करणे आणि एकमेकांबरोबर आनंद करणे या अर्थाचे शब्द त्यात सुमारे सोळा वेळा येतात. हे पत्र लिहिताना पौल बंदिवासात होता. स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंपरा रोमचे नाव सांगते, काहीजण इफिस वा कैसरियाचे. शिक्षा मृत्यूची होईल की सुटका होईल, हे त्याला ठाऊक नव्हते, हे पत्रावरून दिसते.

या पत्राचे मोल कळण्यासाठी ते कोणत्या शहराला लिहिले गेले, हे पाहिले पाहिजे. फिलिप्पै हे मॅसिडोनियातील नगर; सिकंदराचा पिता दुसरा फिलिप याच्या नावावरून ते वसले. इ.स.पू. ४२ मध्ये येथील रणांगणावर ब्रूटस आणि कॅशियस यांचा पराभव झाला. त्यानंतर येथे निवृत्त रोमन सैनिकांना जमिनी देण्यात आल्या आणि नगराला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. रोमन नागरिकत्व, पदे, पदव्या आणि त्यांची श्रेणी यांना अशा नगरात किती महत्त्व असेल, याची कल्पना करता येते. त्या काळच्या ग्रीक-रोमन जगात नम्रता हा सद्गुणही नव्हता. नम्रतेसाठी पौल जो शब्द वापरतो, त्याच्या मुळाशी ‘खालचा, हलका, गुलामाला शोभणारा’ असा अर्थ होता. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात गौरविलेला आदर्श पुरुष हा थोर मानास पात्र असणारा आणि तो मान मागणारा असा थोरमना पुरुष आहे.

अशा नगराला पौल सांगतो की, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. आणि त्याचे कारण देताना दुसऱ्या अध्यायात तो एक स्तोत्रसदृश उतारा देतो. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते स्थान कवटाळून ठेवले नाही. स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरील मरणापर्यंत तो लीन झाला, असा त्याचा आशय आहे. वधस्तंभ ही प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. ‘स्वतःला रिते केले’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून पुढे ‘केनोसिस’ हा धर्मशास्त्रीय शब्द रूढ झाला. ख्रिस्ती नम्रतेचे वेगळेपण या उताऱ्यात आहे. माणूस लहान आणि देव मोठा म्हणून माणसाने वाकावे, एवढेच येथे म्हटलेले नाही. येथे देव स्वतःच वाकलेला आहे. त्यामुळे खाली उतरणे म्हणजे देवापासून दूर जाणे न ठरता त्याच्या जवळ जाणे ठरते.

या तत्त्वज्ञानामागे एक अगदी साधे निमित्तही होते. मंडळीतील युवदीया आणि सुंतुखे या दोन कार्यकर्त्या स्त्रियांमध्ये बेबनाव झाला होता. पौल दोघींची नावे घेऊन, एकीचीही बाजू न घेता, एकमताने राहण्याची विनंती करतो आणि त्याला लागूनच सर्वांना आनंद करण्यास सांगतो. मानापमानाचे हिशेब चालू असलेल्या घरात आनंद टिकत नाही, हे त्याला माहीत होते. तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या कुळाचा, शिक्षणाचा आणि धर्मनिष्ठेचा जमाखर्च मांडतो आणि जमेची सगळी बाजू तोट्यात लिहून टाकतो. चौथ्या अध्यायात, विपुलता असो वा टंचाई, कोणत्याही स्थितीत तृप्त राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो. ‘शिकलो’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. ही तृप्ती उपजत नव्हती. तिचा अभ्यास करावा लागला.

पेरूजियाहून परतीची रात्र

पौलानंतर अकराशे वर्षांहून अधिक काळाने इटलीतील संत फ्रान्सिस असिसीकर यांनी हाच धडा एका गोष्टीतून सांगितला. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या या मुलाने घरदार सोडून भिक्षावृत्ती पत्करली. त्यांच्याभोवती जमलेल्या मूठभर बंधूंचा पाहता पाहता हजारोंचा संघ झाला. संघ वाढला, तशी विद्वान आणि व्यवस्थापक मंडळी पुढे आली; इमारती, नियम, अधिकार यांची भाषा सुरू झाली. १२२० मध्ये फ्रान्सिस यांनी संघाच्या कारभारातून अंग काढून घेतले. खरा आनंद कोणता, याविषयीची त्यांची कथा ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून वाचावी लागते.

कथा अशी: फ्रान्सिस आपले सोबती बंधू लिओ यांना खरा आनंद कोणता ते लिहून घेण्यास सांगतात. पॅरिस विद्यापीठाचे सगळे आचार्य संघात दाखल झाल्याची वार्ता आली, तर? तो खरा आनंद नव्हे. मोठमोठे धर्माधिकारी आणि फ्रान्स व इंग्लंडचे राजेही आले, तर? तोही नव्हे. बंधूंनी साऱ्या अश्रद्धांना श्रद्धेकडे वळवले, स्वतः फ्रान्सिस यांच्या हातून रोगी बरे होऊ लागले, तर? त्यातही खरा आनंद नाही. मग तो कशात आहे, असे लिओ विचारतात.

फ्रान्सिस सांगतात: आपण पेरूजियाहून रात्री परततो आहोत. कडाक्याची थंडी आहे. झग्याच्या काठावर बर्फाचे खडे जमून पायांना जखमा होत आहेत. आपण आपल्याच मठाचे दार ठोठावतो. आतला बंधू विचारतो, कोण? नाव सांगितल्यावर तो म्हणतो, चालता हो. तू अडाणी आहेस. आता आम्ही इतके आणि असे झालो आहोत की तुझी गरज नाही. पुन्हापुन्हा विनवूनही दार उघडत नाही. अशा वेळी मन क्षुब्ध झाले नाही, तर तो खरा आनंद.

या कथेकडे दुःखाचे उदात्तीकरण म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण थंडी, उपासमार किंवा अपमान हाच आनंद, असे कथेत म्हटलेले नाही. कथेतील दरवाजा परक्याचा नाही. ज्या घराचा पाया फ्रान्सिस यांनी घातला त्याच घराचा तो आहे. स्वतः उभारलेल्या संस्थेने आपल्याला अनावश्यक ठरवावे, हे दुःख कोणत्याही कर्त्या माणसाला सर्वांत खोल लागते. निवृत्त झालेला अधिकारी, मुलांच्या संसारात अडगळ झालेला बाप, चळवळीतून बाजूला सारलेला कार्यकर्ता, या सर्वांना ते ओळखीचे आहे. आपले नाव पुसले गेल्यावरही जे मनात शाबूत राहते, तेच आपले खरे धन, असा या कथेचा कौल आहे. बाकीचे सगळे उसने होते.

आयुष्याच्या अखेरच्या काळात फ्रान्सिस जवळजवळ आंधळे झाले होते. शरीर व्याधींनी पोखरले होते. याच काळात त्यांनी सूर्य, चंद्र, वारा, पाणी आणि अग्नी यांना भाऊबहीण मानणारे आपले प्रसिद्ध सृष्टिगीत उंब्रिया प्रांताच्या लोकभाषेत रचले. इटालियन काव्याच्या आरंभकाळातील ही एक मौल्यवान रचना मानली जाते. सृष्टीच्या स्तुतीने ओसंडणाऱ्या या गीताचा शेवटचा शब्द ‘नम्रता’ हा आहे. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे निधन झाले. २०२६ मध्ये या घटनेला ८०० वर्षे होत आहेत.

शिडी, आणि तिची उतरती बाजू

नम्रता हा क्षणिक भाव नसून अभ्यासाचा विषय आहे, हे पाश्चात्त्य मठपरंपरेने पद्धतशीर मांडले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीचा सातवा अध्याय नम्रतेच्या बारा पायऱ्यांचा आहे. देवाच्या सान्निध्याचे भान, स्वेच्छेचा हट्ट सोडणे, आपले दोष न लपवणे, मोजके बोलणे, अशा या पायऱ्या चढत माणूस अखेर भयाला घालवून देणाऱ्या प्रेमापर्यंत पोहोचतो. शिडीचे टोक प्रेम आहे. पूर्वी जे तो भीतीने करीत होता, ते आता सहज आणि आवडीने करू लागतो.

बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी या शिडीची दुसरी बाजू लिहिली. गर्वाच्याही बारा पायऱ्या आहेत, असे त्यांनी दाखवले. पहिली पायरी कुतूहलाची, म्हणजे स्वतःकडे पाहायचे सोडून इतरांकडे डोळे लावण्याची. तिसरी पायरी उथळ आनंदाची. आपल्याला कमीपणा आणणाऱ्या गोष्टी डोळ्यांआड करून केवळ सुखावणाऱ्या गोष्टींवर हसत राहण्याची. नववी पायरी ढोंगी कबुलीची. आपण किती पापी आहोत, हे असा माणूस चारचौघांत मोठ्या आवाजात सांगतो; पण दुसऱ्याने तेच म्हटले, की त्याला राग येतो. खोट्या नम्रतेची गणना बर्नार्ड यांनी गर्वातच केली, हे महत्त्वाचे आहे. स्वतःला सतत हीन लेखणारा माणूसही अखेर स्वतःकडेच पाहत असतो. केवळ आरसा बदललेला असतो.

आक्षेप आणि इशारे

नम्रतेच्या या गौरवावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते टाळून या विषयाची मांडणी पूर्ण होऊ शकत नाही. १७५१ मध्ये डेव्हिड ह्यूम यांनी नम्रतेला मठवासीयांच्या निरुपयोगी गुणांत काढले. १८८७ मध्ये फ्रीड्रिख नीत्शे यांनी ख्रिस्ती नीतीला गुलामांची नीती ठरवले. दुबळ्यांनी आपल्या असहायतेला सद्गुणाचे नाव दिले, असा त्यांचा आरोप होता. अमेरिकी धर्मचिंतक व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये आणखी वेगळा मुद्दा मांडला. गर्व हेच मूळ पाप आणि आत्मसमर्पण हाच उपाय, हे सूत्र पुरुषांच्या अनुभवावर बेतलेले आहे. जिला मुळात स्वतःचे असे काही उभारूच दिलेले नाही, त्या स्त्रीला पुन्हा स्वतःचा त्याग शिकवणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

इतिहास या आक्षेपांना पुरावा देतो. अमेरिकेत गुलामांना, वसाहतींत जित प्रजेला आणि घराघरांत स्त्रियांना नम्रतेची प्रवचने ऐकवली गेली. ऐकवणारे बहुधा मालक होते. मात्र पौलाच्या पत्रातील क्रम पाहिला, की या प्रवचनांची विसंगती दिसते. तेथे रिता होणारा हा ज्याच्याजवळ सर्वस्व आहे तो आहे, आणि तो स्वेच्छेने रिता होतो. नम्रता स्वतः पत्करता येते. दुसऱ्यावर लादता येत नाही. लादली, तर तिला मानहानी म्हणतात आणि तिच्यातून आनंद जन्मत नाही. म्हणूनच आनंद ही नम्रतेची कसोटीही ठरते. जी शिकवण माणसाला खंगवते, भेदरवते आणि मुके करते, ती ख्रिस्ती अर्थाने नम्रतेची शिकवण असू शकत नाही.

न वाकणारी नम्रता : पंडिता रमाबाई

या भेदाचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. संस्कृत विद्येच्या बळावर १८७८ मध्ये कोलकात्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरवल्या गेलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनी आणि बिशप त्यांच्याकडून शिष्याच्या आज्ञाधारकपणाची अपेक्षा करीत होते. रमाबाईंनी ती पूर्ण केली नाही. श्रद्धेच्या सिद्धान्तांवर त्यांनी प्रश्न विचारले, आपल्या सदसद्विवेकाचा निर्णय दुसऱ्याकडे सोपवण्यास नकार दिला आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नसल्याचे पत्रातून कळवले. त्यांच्या हितचिंतकांना हा अहंकार वाटला.

मात्र रमाबाईंच्या जीवनात खरी लीनता आली ती वेगळ्या वाटेने. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपण ख्रिस्ती धर्म मिळवला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे नमूद केले. बुद्धीने जिंकलेली गोष्ट आता दान म्हणून घ्यायची होती. इंग्रजीत लिहिलेल्या या आत्मनिवेदनाच्या शीर्षकातच कधीही न सरणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे.

त्याचे फळ केडगाव येथे दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. ‘मुक्ती’ मिशन उभे राहिले. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे यासाठी भाषा जाणीवपूर्वक सोपी ठेवली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. भाषांतर पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. माणसांच्या सत्तेपुढे ताठ आणि अनाथ मुलीपुढे वाकलेली, अशी ही नम्रता होती.

त्यांचे समकालीन कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे म्हटले आहे. ते समजण्यास मराठी वाचकाला अडचण पडू नये. देवाकडे लहानपण मागणारे संत येथे आहेत. जनाबाईबरोबर दळण दळणारा विठ्ठल आणि एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरणारा कृष्ण येथल्या श्रद्धेत आहे. देव सेवक होतो, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. ख्रिस्ती श्रद्धेत त्या सेवेचा शेवट वधस्तंभावर होतो, हा दोहोंतील फरक.

आनंद वाटत नाही तेव्हा

येथे एक शंका उरते. नम्र माणूस सदैव प्रसन्न असतो काय? परंपरेचे उत्तर नकारार्थी आहे. फ्रान्समधील लिझ्यू येथील मठात वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, क्षयाने मरण पावलेल्या संत तेरेसा यांनी आपल्या ‘लहान मार्गा’चे वर्णन करताना श्रीमंतांच्या घरात नव्याने येऊ लागलेल्या लिफ्टची उपमा दिली आहे. पूर्णत्वाची शिडी चढणे लहान मुलाला झेपत नाही. येशूचे हातच त्याला उचलून नेतात, त्यासाठी लहानच राहिले पाहिजे, असा त्यांचा विचार. तरी अखेरचे सुमारे दीड वर्ष त्यांनी श्रद्धेच्या दाट अंधारात काढले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचीही पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगासमोर हसतमुखाने वावरणाऱ्या या स्त्रीने अनेक दशके अंतरीची शुष्कता सोसल्याचे उघड झाले.

काहींना ही विसंगती वाटली. परंतु पौल किंवा फ्रान्सिस ज्याला आनंद म्हणतात, ती मनाची लहर नाही. ती एक भिस्त आहे. भावना सुकल्यावरही ती माणसाला रोज सकाळी उठून कुणाच्या तरी जखमा धुण्यास लावू शकते. स्वतःच्या प्रसन्नतेचाही हक्क न सांगणे, हा कदाचित रिकाम्या ओंजळीचा शेवटचा अर्थ असावा.

पाय धुवून घेणे

ही सारी शिकवण ख्रिस्ती उपासनेत एका कृतीच्या रूपाने दरवर्षी साकारते. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या गुरुवारी, वसई, मुंबई आणि गोव्यातील कॅथलिक चर्चमध्येही, धर्मगुरू गुडघे टेकून साध्या माणसांचे पाय धुतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील प्रसंगाचे हे स्मरण असते. पूर्वी हे पाय पुरुषांचेच असत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचे आणि मुस्लिम कैद्यांचेही पाय धुतले. २०१६ मध्ये नियमातच बदल करून स्त्रियांचा समावेश करण्यात आला.

त्या प्रसंगात येशूच्या कृतीकडे सर्वांचे लक्ष जाते. पेत्राच्या नकाराकडे तितके जात नाही. गुरूने आपले पाय धुवावेत, हे पेत्राला सहन होत नाही. तो पाय मागे घेतो. सेवा करणाऱ्याला निदान देणाऱ्याचा मोठेपणा मिळतो. सेवा स्वीकारणाऱ्याला आपले मळलेले पाय पुढे करावे लागतात, आणि स्वावलंबनाचा अभिमान बाळगणाऱ्यांना, आजच्या शहरी सुशिक्षितांना तर विशेषच, ते अवघड जाते. आजारपणात दुसऱ्याच्या हातून पाणी घेताना, चूक झाल्यावर क्षमा मागताना आणि मिळालेली क्षमा निमूट स्वीकारताना ही परीक्षा प्रत्येकाची होते. पेत्राने अखेर पाय पुढे केले. त्याच रात्री, त्याच मेजावर येशू शिष्यांना आपला आनंद त्यांच्या ठायी राहावा आणि तो परिपूर्ण व्हावा, असे सांगतो. योहानाने हा आनंदाचा वर पाय धुतल्यानंतर, दोनच अध्यायांच्या अंतराने नोंदवला आहे.